कुडाळकरांची व्हायोलिनं, ब्रिटनीचं गाणं

प्रश्न : माझा कॉलेजातला मुलगा सांगतो की ब्रिटनी स्पिअर्सच्या 'टॉक्सिक' या गाण्यात लताबाईंचं 'तेरे मेरे बीच में' आहे. मी दोन्ही गाणी लागोपाठ ऐकली. मला लताबाईंचा आवाज कुठेच सापडला नाही. मुलगा खरं बोलतोय की मोबाइलवर आलेलं काहीतरी पुढे सरकवतोय?
– एक गृहिणी, शिवाजीनगर, रत्नागिरी

उत्तर : मुलाचं म्हणणं खरं आहे आणि तुमच्या कानांनीही दगा दिलेला नाही. 'टॉक्सिक'मध्ये लताबाई नाहीत, त्यांच्याबरोबर गाणारे एस. पी. बालसुब्रमण्यमही नाहीत. आहेत ती त्या गाण्यातली व्हायोलिनं.

पुन्हा एकदा ऐकून बघा, या वेळी हेडफोन लावून. 'टॉक्सिक' सुरू होताच वरच्या पट्टीत झेपावणारी, कानाला जवळजवळ टोचणारी व्हायोलिनची लकेर येते. पुढे गाणंभर ती पुन्हा पुन्हा येत राहते. गाणं ऐकून झाल्यावर डोक्यात राहते तीसुद्धा तीच. आता 'तेरे मेरे बीच में' लावा. शब्द आणि चाल बाजूला ठेवा आणि गायक थांबतात तिथे वाद्यवृंद काय करतो तेवढंच ऐका. त्या जागांतले तुकडे काढून, कापून, एकमेकांना जोडून ब्रिटनीच्या गाण्याची ओळख तयार झाली आहे. आपण गाणं ऐकतो तेव्हा गळ्याकडे ऐकतो, म्हणून ते पटकन सापडत नाही. ज्यांनी ते उचललं ते स्वीडनमधले होते. त्यांना ना हिंदी शब्द कळत होते, ना चित्रपटाची गोष्ट माहीत असण्याचं कारण होतं. कदाचित म्हणूनच त्यांचे कान थेट व्हायोलिनवर गेले असावेत.

हे गाणं बनवणारी स्वीडिश जोडी 'ब्लडशाय अँड अव्हांट' या नावाने काम करत असे. गीतलेखनात त्यांच्याबरोबर इंग्लंडच्या कॅथी डेनिस होत्या. गाणं आधी ऑस्ट्रेलियाच्या कायली मिनोगला देऊ केलं होतं, ते फिरून ब्रिटनीकडे आलं. ब्रिटनी तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तिच्या कारकिर्दीला पाच वर्षं झाली होती. लुईझियानातल्या केंटवूड या लहान गावात वाढलेली ही मुलगी १९९८ साली, सोळाव्या वर्षी, पहिल्याच गाण्याने जगभर पोचली. शाळकरी मुलीच्या त्या प्रतिमेतून बाहेर पडून मोठ्या वयाचं, वेगळ्या वळणाचं काही गाणं ही तिची गरज होती. २००३ च्या शेवटी 'इन द झोन' हा अल्बम आला आणि २००४ च्या सुरुवातीला त्यातलं 'टॉक्सिक' स्वतंत्रपणे प्रकाशित झालं. इंग्लंडच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत नवव्या. २००५ साली या गाण्याला नृत्यसंगीताच्या ध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं. ब्रिटनीला मिळालेलं हे एकमेव ग्रॅमी.

आता आपल्या बाजूला या. 'तेरे मेरे बीच में' ज्यातलं, तो 'एक दूजे के लिए' १९८१ च्या जूनमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ब्रिटनीचा जन्म झाला, म्हणजे ही व्हायोलिनं तिच्यापेक्षा काही महिन्यांनी मोठी आहेत. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. यातले लक्ष्मीकांत म्हणजे लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर. मुंबईत जन्मलेला मराठी माणूस, आडनाव आपल्या कुडाळचं. चित्रपट येण्याच्या महिनाभर आधीपर्यंत, म्हणजे १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत, कुडाळ आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं.

लक्ष्मीकांत लहानपणी मेंडोलिन वाजवत. कुलाब्याच्या रेडिओ क्लबमध्ये लताबाईंच्या एका कार्यक्रमात ते वाजवत होते आणि तिथे त्यांच्याकडे लताबाईंचं लक्ष गेलं. मंगेशकर कुटुंबाने मुलांसाठी चालवलेल्या 'सुरील कला केंद्रा'त त्यांची गाठ प्यारेलाल शर्मांशी पडली. दोघेही गरिबीत वाढलेले, दोघांनाही लवकर कमावायला लागणं भाग होतं. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांत वाजवून मग १९६३ साली 'पारसमणी'पासून त्यांचं स्वतःचं नाव झालं.

त्या व्हायोलिनच्या झेपेचं मूळ मला प्यारेलालजींच्या तालमीत दिसतं. ते व्हायोलिन शिकले अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावचे हे गोन्साल्विस मास्तर. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभच्या पात्राला त्यांचं नाव आहे, ती शिष्याने गुरूला दिलेली दक्षिणा. गोव्यातल्या चर्चला जोडून असलेल्या शाळांत पोर्तुगीज काळापासून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवत. व्हायोलिन हातात आणि समोर कागदावर लिहिलेले स्वर, हे तिथल्या खेड्यातल्या मुलांना लहानपणापासून सवयीचं. मुंबईच्या चित्रपटसंगीताला साठ-सत्तर वादकांनी एकाच वेळी, एकाच श्वासात वाजवायला हवं होतं, तेव्हा ही मुलं कामाला आली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल मोठ्या वाद्यवृंदासाठी प्रसिद्ध होते. व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा स्टुडिओत बसत.

त्या दिवशी त्या रांगांत कोण बसलं होतं ते चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नाही, रेकॉर्डच्या वेष्टनावर नाही. वादकांना पाळीचे पैसे मिळत. पाळी संपली, व्हायोलिन पेटीत गेलं, दुसऱ्या दिवशी दुसरा स्टुडिओ. जी लकेर पुढे जगभरातल्या नाचघरांत वाजली, ती वाजवणाऱ्या हातांचा हिशेब त्या संध्याकाळी ताडदेव किंवा वांद्र्याच्या कुठल्यातरी स्टुडिओत पुरा झाला होता. लक्ष्मीकांतही १९९८ च्या मे महिन्यात गेले. त्यांनी 'टॉक्सिक' ऐकलंच नाही.

तेव्हा ताई, मुलाला एवढंच सांगा की ब्रिटनीच्या गाण्यात लताबाई आहेत असं म्हणू नकोस, आपले वादक आहेत असं म्हण. मला तो मान मोठा वाटतो, आणि आजवर कुणी तो त्यांना दिलेला नाही.


प्रश्न : मग लताबाई-आशाबाईंचा प्रत्यक्ष आवाज असलेलं अमेरिकन गाणं आहे का? आणि अशा वेळी पैसे कुणाला मिळतात, गायकाला की कंपनीला?
– निवृत्त बँक कर्मचारी, चिपळूण

उत्तर : आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्याच गाण्याच्या खटल्यात आहे.

२००२ साली अमेरिकेत 'ॲडिक्टिव्ह' नावाचं गाणं आलं. गायिका ट्रूथ हर्ट्स, सेंट लुईसकडची. डॉ. ड्रे यांच्या 'आफ्टरमाथ' कंपनीने काढलेल्या तिच्या पहिल्या अल्बममधलं हे गाणं. गाण्याचा निर्माता डीजे क्विक याने टीव्हीवर लागलेल्या हिंदी चित्रपटात एक गाणं ऐकलं, ते टेप करून घेतलं आणि त्यावर ताल चढवला. ते गाणं होतं 'थोडा रेशम लगता है', चित्रपट 'ज्योती', संगीत बप्पी लाहिरी, आवाज लता मंगेशकर. तेही १९८१ चंच. आता इथे व्हायोलिनची लकेर वगैरे नाही. लताबाई जवळजवळ संपूर्ण गाणंभर मागे गात आहेत आणि त्यांच्यावरून ट्रूथ हर्ट्स गाते. बिलबोर्डच्या यादीत गाणं नवव्या क्रमांकापर्यंत गेलं, योगायोगाने 'टॉक्सिक' जिथे थांबलं तिथेच. फरक इतकाच की ब्रिटनीच्या कारकिर्दीत 'टॉक्सिक' हे अनेक यशस्वी गाण्यांतलं एक होतं. ट्रूथ हर्ट्सला पुन्हा त्या उंचीवर जाता आलं नाही. तिचं नाव घेतलं की आजही 'ॲडिक्टिव्ह'च आठवतं, आणि त्यातली चाल आपल्याकडची, आवाज आपल्या घरातला.

परवानगी घेतली नव्हती. हक्क 'सारेगामा'कडे, म्हणजे आपल्या जुन्या एचएमव्हीकडे होते. कंपनीने आणि बप्पी लाहिरींनी अमेरिकेत दावे लावले, कंपनीची मागणी ५० कोटी डॉलरची. २००३ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने हुकूम दिला की बप्पी लाहिरींचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकता येणार नाही. तेव्हा वर्तमानपत्रांत हा आपला विजय म्हणून आला. पण खटला तिथे संपला नाही. पुढे न्यायालयात जुने करार उघडले गेले आणि दिसलं की 'थोडा रेशम'ची चाल बप्पीदांनी निर्मात्यासाठी मोबदला घेऊन केलेली होती. भारतीय कायद्याप्रमाणे पहिला मालक निर्माता, म्हणजे प्रमोद फिल्म्स, आणि निर्मात्याकडून हक्क गेले ते रेकॉर्ड कंपनीकडे. ज्याने चाल बांधली त्याच्याकडे दावा लावण्यापुरताही हक्क उरलेला नव्हता. बप्पीदांचा दावा फेटाळला गेला आणि २०१० साली अपील न्यायालयाने त्यांच्या वकिलावर लावलेला जवळपास अडीच लाख डॉलरचा दंड कायम ठेवला.

तुमच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर यात आलं. अशा गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक चाल आणि शब्द, दुसरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. आपल्याकडे त्या काळात दोन्ही निर्मात्याकडून कंपनीकडे जात. गाणारा आणि वाजवणारा दोन्हींच्या बाहेर. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं असंच एक प्रकरण आलं होतं आणि निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. त्याच निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळी टिपणी जोडली. भारतात गाणं उभं राहतं ते गायकाच्या गळ्यावर, आणि आपला कायदा नेमकं त्यालाच विसरतो, याकडे त्यांनी संसदेचं लक्ष वेधलं. संसदेने ते मनावर घ्यायला २०१२ साल उजाडलं. त्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कराराने काढून घेता येणार नाही असा केला, आणि गायकांनाही व्यावसायिक वापरातून रॉयल्टीचा हक्क दिला.

लताबाईंनी हीच मागणी साठच्या दशकात केली होती. गायकाला रॉयल्टी हवी म्हणून त्या अडून बसल्या. रफीसाहेबांचं मत वेगळं पडलं आणि काही वर्षं दोघांनी एकत्र गायचंही सोडलं. त्या काळी लोकांनी याला दोन मोठ्या कलावंतांचं भांडण म्हटलं. 'ॲडिक्टिव्ह'चा खटला वाचल्यावर माझी खात्री झाली की त्यांना चाळीस वर्षं पुढचं दिसत होतं.

आशाबाईंचं नशीब या बाबतीत बरं. 'ब्लॅक आइड पीज' या लॉस एंजेलिसच्या गटाने २००५ साली 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' काढलं. त्याच्या सुरुवातीलाच 'अपराध'मधल्या (१९७२) आशाबाई ऐकू येतात आणि पुढे 'डॉन'मधल्या (१९७८) 'ये मेरा दिल'चं संगीत येतं. दोन्ही कल्याणजी-आनंदजींचं. इथे कल्याणजी-आनंदजी आणि गीतकार इंदीवर यांची नावं गाण्याच्या रचनाकारांतच छापली आहेत. गाणं अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं, त्याला ग्रॅमीही मिळालं. नाव घातल्याने कुणाचं काही कमी झालं नाही.

आणि आशाबाईंना तर समोर बसवून, मानाने गायला बोलावणारेही निघाले. 'वन जायंट लीप' या प्रकल्पात 'आर.ई.एम.' या अमेरिकन रॉक बँडचा गायक मायकेल स्टाइप आणि आशाबाई एकाच गाण्यात आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'क्रोनॉस क्वार्टेट'ने २००५ साली राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा पूर्ण अल्बम त्यांच्याबरोबर केला. सत्तरी ओलांडलेल्या आशाबाईंनी तीच गाणी नव्याने गायली, तबल्यावर झाकीर हुसेन होते. या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन होतं. चार तंतुवाद्यं आर.डीं.चा अख्खा वाद्यवृंद कसा पेलतात ते त्यात ऐकण्यासारखं आहे. चिपळूणच्या पावसात एखादी दुपार त्याला जरूर द्या.


प्रश्न : आपले संगीतकार वर्षानुवर्षं इंग्रजी गाण्यांच्या चाली उचलत आले. मग त्यांनी आपलं घेतलं तर आरडाओरड कशाला?
– एक वाचक, लांजा

उत्तर : प्रश्न रास्त आहे आणि त्यातली वस्तुस्थिती नाकारण्यात अर्थ नाही. 'भूत बंगला'तलं (१९६५) 'आओ ट्विस्ट करें' ऐका आणि चबी चेकरचं 'लेट्स ट्विस्ट अगेन' ऐका. 'झुक गया आसमान'मधलं 'कौन है जो सपनों में आया' आणि एल्विस प्रेस्लीचं 'मार्गारिटा' शेजारी ठेवा. 'गुमनाम'चं शीर्षकगीत आणि हेन्री मॅन्सिनीचं 'शराड' हीसुद्धा त्यातलीच जोडी. चबी चेकरचं नाव आपल्या पडद्यावर आलं नाही. तो फिलाडेल्फियाचा पोरगा, १९६० साली 'द ट्विस्ट' घेऊन आला, आणि तेच गाणं १९६० आणि १९६२ असं दोन वेगळ्या खेपांना अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत लोक ट्विस्ट करायचे तेव्हा हा माणूस कोण हे कुणाला ठाऊक होतं?

पण उचलणं आणि शिकणं यात फरक करायला हवा. पुणतांब्याचे सी. रामचंद्र, आपले चितळकर, यांनी अमेरिकन स्विंगचा डौल ऐकला आणि 'अलबेला'त (१९५१) 'शोला जो भडके' केलं. त्यात ट्रम्पेट घेऊन हळदोण्याचा चिक चॉकलेट होता. त्या गाण्यात अमेरिका आहे, पण कुणाची चाल नाही. तो ढंग चितळकरांनी पचवून घेतला होता. कुठल्याही देशाचं संगीत असंच मोठं होतं आणि त्यावर कुणी दावा लावू नये.

माझा आक्षेप दोन्हीकडच्या एकाच गोष्टीला आहे. दुसऱ्याची चाल अख्खी घ्यायची, त्यावर आपलं नाव घालायचं आणि मूळ माणसाला कळवायचंही नाही. वांद्र्यात झालं तरी ते गैर आणि लॉस एंजेलिसमध्ये झालं तरी गैर. सॅम्पलमध्ये आणखी एक पायरी ओलांडली जाते. तिथे चालीबरोबर प्रत्यक्ष माणसाचा श्वास, बोटं, गळा उचलून नेला जातो. चबी चेकरची चाल आपण घेतली, तरी गायले मन्ना डेच. 'ॲडिक्टिव्ह'मध्ये गातात त्या स्वतः लताबाई.

अमेरिकेतही सॅम्पलला परवानगी घेण्याची शिस्त सुरुवातीपासून नव्हती. ऐंशीच्या दशकात तुकडे साठवून बोटाच्या टोल्याने वाजवणारी यंत्रं स्वस्त झाली, रॅपवाली मुलं जुन्या रेकॉर्डी धुंडाळून ताल बांधू लागली आणि पाचसात वर्षं कुणी कुणाला विचारलं नाही. १९९१ साली बिझ मार्की या रॅपरने गिल्बर्ट ओ'सलिव्हनचं गाणं परवानगीविना वापरलं म्हणून न्यायाधीशांनी त्याची रेकॉर्ड बाजारातून काढायला लावली. तेव्हापासून कंपन्या आधी परवानगी, मग प्रकाशन असं करू लागल्या. म्हणजे २००२ साली 'ॲडिक्टिव्ह' निघालं तेव्हा नियम सगळ्यांना पाठ होता. तो पाळला गेला नाही तो मुंबईच्या बाबतीत, आणि याचंच मला वाईट वाटतं.


प्रश्न : आमची सहल पाचगणीला गेली होती. तिथे गाइडने सांगितलं की क्वीन बँडचा फ्रेडी मर्क्युरी इथे शिकला. खरं आहे का? आणि तो अमेरिकन होता का?
– शाळकरी विद्यार्थिनी, दापोली

उत्तर : शंभर टक्के खरं. फ्रेडी अमेरिकन नव्हता, त्याचा बँड इंग्लंडचा. पण अमेरिकन गाण्यांशी त्याची पहिली गाठ पडली ती आपल्या पाचगणीतच.

त्याचं नाव फारुख बल्सारा. पारशी आईवडील, जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारमध्ये. आठव्या वर्षी त्याला बोटीने भारतात धाडलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. सुट्टीत तो मुंबईला नातेवाइकांकडे जायचा. शाळेत पियानो शिकला, परीक्षा दिल्या. १९५८ साली पाच मित्रांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गायचा ब्रूस मरे. फ्रेडी पियानोवर असायचा. एल्विस प्रेस्ली, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो हे त्यांचे देव, म्हणजे सगळे अमेरिकन रॉक अँड रोलवाले. त्या काळी ही गाणी आपल्याकडे पोचायची मुख्यतः रेडिओ सिलोनवरून. एकदा कानावर पडलेलं गाणं फ्रेडी पियानोवर बसवायचा, असं त्याचे मित्र सांगत.

पुढे तो झांझिबारला परतला, १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० साली क्वीन सुरू झालं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' तुला माहीत असेलच. १९७५-७६ मध्ये ते इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिलं होतं, अमेरिकेत मात्र तेव्हा नवव्या क्रमांकापर्यंतच गेलं. क्वीनचं अमेरिकेतलं पहिलं अव्वल गाणं दुसरंच आहे, 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह'. फ्रेडीने ते म्युनिकच्या हॉटेलात, टबात बसल्या बसल्या, काही मिनिटांत रचलं. गिटार त्याला जेमतेम यायची, म्हणून मोजकेच कॉर्ड्स आणि साधी चाल. आणि गाणं थेट एल्विसच्या ढंगाचं. १९८० मध्ये अमेरिकेने ते चार आठवडे पहिल्या क्रमांकावर ठेवलं. पाचगणीच्या शाळेत बसवलेला अमेरिकेचा सूर त्याने वीस-बावीस वर्षांनी अमेरिकेलाच ऐकवला. पुढच्या वेळी गाइड भेटला तर त्याला हे नक्की सांग.


प्रश्न : आम्ही दोघे मित्र लॅपटॉपवर बीट्स बनवतो. गावच्या जाखडीचं जुनं रेकॉर्डिंग आहे, त्यातला ढोलकीचा तुकडा आणि बुवांची एक ओळ आमच्या रॅपमध्ये घ्यायची आहे. जाखडी तर पारंपरिक आहे, मग परवानगी कशाला?
– एक तरुण, देवरूख

उत्तर : आधी आनंद सांगतो. देवरूखच्या पोरांच्या रॅपमध्ये जाखडीची ढोलकी यायलाच हवी. आता अडचण.

पारंपरिक चाल कुणा एकाची नाही, हे बरोबर. पण जाखडीच्या शक्ती-तुऱ्यात शाहीर दरवर्षी नवं कवन बांधतात. गण, गवळण, सवाल-जवाब, यातली बरीच पदं एखाद्या बुवांनी स्वतः लिहिलेली असतात. ते शब्द त्यांचे, कायद्याने त्यांच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं त्यांचे किंवा वारसांचे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्याने ते करवून घेतलं त्याचा, प्रकाशनापासून साठ वर्षं. कॅसेट कंपनीने काढलं असेल तर कंपनीचा, मंडळाने स्वतः केलं असेल तर मंडळाचा. आणि ढोलकी वाजवणाऱ्याला कलावंत म्हणून आपलं नाव लावून घेण्याचा हक्क २०१२ पासून कायद्याने आहे.

'तुकडा अगदी छोटा आहे' यावर विसंबू नका. 'आराधना'मधल्या 'बागों में बहार है'चा अगदी छोटा तुकडा 'द गेम' या रॅपरच्या २००५ च्या अल्बममध्ये आला आणि खटला अमेरिकेत २०११ पर्यंत चालला. शेवटी सारेगामा हरली ती तुकडा छोटा होता म्हणून नव्हे. जुन्या करारानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क तिच्याकडे उरलेलाच नव्हता. म्हणजे इतका काळ वकील लावल्यावर कळलं की मालक दुसराच कुणीतरी आहे. असे कागद तुम्ही आधीच नीट करून ठेवा.

बुवांकडे जा. ते नसतील तर घरच्यांकडे. साध्या कागदावर लिहून घ्या : कोणतं पद, त्यातली किती सेकंदं, गाणं कुठे टाकणार, उत्पन्न झालं तर वाटा किती. खाली बुवांची, ढोलकीवाल्यांची आणि झांजवाल्यांची पूर्ण नावं आणि सह्या. गाणं अपलोड करताना रचनाकार आणि वादक अशा जागा भराव्या लागतात, तिथे हीच नावं टाका. 'पारंपरिक' हा शब्द लिहून मोकळं होऊ नका.

माझं विचाराल तर जुन्या रेकॉर्डिंगच्या मागे लागूच नका. भाद्रपदात बाहेरगावी गेलेली माणसं गणपतीला गावात येतात, फड रंगतात, ढोलकीवाले हाताला असतात. त्यांना एक दुपार घरात बसवा, चांगला माइक लावा, चहापाणी आणि रीतसर बिदागी द्या आणि तुमच्या बीटच्या वेगात हवा तसा ठेका वाजवून घ्या. जुन्या कॅसेटमध्ये झांज आणि ढोलकी एकात एक मिसळलेली असतात, वेगळी काढताना आवाज फाटतो. नव्याने घेतलंत तर दोन्हींचे ट्रॅक स्वतंत्र मिळतील, आणि तोडा कुठे घ्यायचा हे तुम्हाला वाजवणाराच सांगेल. गाणं झालं की कळवा. वादकांच्या नावांसकट याच सदरात छापू.